गिरजाचा मुराळी

धुळे
३ मार्च २०२५

चि. कामिनीस,
कुंदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं नवं पुस्तक पोचलं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानेच घालते, म्हणून हे पत्र.

बाई गं, डोकं पार चक्रावून गेलंय. 'गिरजाचा बुरूज' मी दोनदा वाचलं होतं. नदीची भाषा कळणारी गिरजा दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बुरुजावर उभी राहून माहेरची वाट बघते, भाऊ मुराळी होऊन न्यायला येईल म्हणून, आणि तो मेला काही येत नाही. शेवटी तापी तिला बुरुजासकट घेऊन जाते. मी रडले. शेजारच्या धुरपदाबाईला वाचून दाखवलं, तीही रडली. झालं, संपलं. आता हे 'बुरुजाआधी' उघडलं तर पहिल्याच पानावर गिरजा जिवंत, आठ वर्षांची, चिंचा पाडतेय! धुरपदाबाईने मला तिथेच अडवलं, की ही तर बुडाली ना. मी सांगितलं की हे आधीचं आहे. तर म्हणते कशी, आधीचं शे तर मंग आधी काबर नही लिखं? तिला काय उत्तर देऊ ते कळव.

पण माझी खरी तक्रार त्या भावाची आहे. या पुस्तकात चुडामण तिला खांद्यावर घेऊन नाला ओलांडतो, तिच्या वाटचा मार खातो. तिची पाठवणी होताना नदीत उभा राहून शपथ घेतो, की नदीला पूर असो की घराला आग, दर आखाजीला न्यायला येईन. (आखाजीला कुठला आलाय पूर, पण असो.) मग पहिल्या पुस्तकात तो आला का नाही?

तू म्हणशील, आत्या स्वतःचंच घोडं पुढे दामटतेय. तसं मुळीच नाही. तुझ्या भावाच्या, भूषणच्या लग्नात आमच्या ह्यांना, म्हणजे तुझ्या काकांना टोपी-उपरण्याचा मान मिळाला नाही, तेव्हापासून मी माहेरी असोद्याला पाऊल टाकलं नाही आणि नाना, तुझा बाप, मला न्यायला आला नाही, हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. त्याचं मला आता काहीसुद्धा वाटत नाही. मी फक्त पुस्तकातल्या भावाचं विचारतेय.

लोभ आहेच, चुडामणपायी तो आटू द्यायचा की नाही, ते तू ठरव.

तुझी,
कुंदाआत्या


जळगाव
१४ मार्च २०२५

ती. कुंदाआत्यास,
कामिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खूप हसले. धुरपदाबाईंना सांग, की एकट्या त्याच गोंधळलेल्या नाहीत. एरंडोलचे एक निवृत्त गुरुजी लिहितात, की छापखान्यात पुस्तकांचे क्रमांक चुकले, पुढच्या खेपेला अदलाबदल करा. एका गृहस्थांनी फोन करून किल्ला कुठे आहे विचारलं, रविवारी सहकुटुंब जायचं म्हणे. किल्ला मी मनाने रचलाय असं सांगितलं, तर म्हणाले, बरं, पण गाडी तिथपर्यंत जाते ना? कॉलेजातली एक मुलगी गिरजाच्या पाठवणीपर्यंत वाचते आणि पुन्हा पहिल्या पानावर येते. पुढचं तिला माहीत आहे, म्हणून पुढे जायचंच नाही म्हणते.

आणि चुडामण का आला नाही, हे तर सगळेच विचारतात. खरं सांगू आत्या? मलाही माहीत नाही. पहिलं पुस्तक लिहिताना तो येत नाही एवढंच मला दिसलं होतं. दुसरं लिहायला बसले तर तो आपणहून नदीत उतरला आणि शपथ घेऊन मोकळा झाला. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणखी एक घोटाळा. नानांनी पहिलं पुस्तक वाचलंच नव्हतं. आता वाचायला घेतलं, तर आधीचं ते आधी म्हणून 'बुरुजाआधी'पासून सुरुवात केली! चुडामणवर इतके खूश आहेत, की असोद्याच्या पारावर बसून सगळ्यांना सांगतात, भाऊ असावा तर असा. तो पुढे येत नाही हे त्यांना अजून ठाऊक नाही. सांगू का?

राहिली लग्नाची गोष्ट. तू म्हणतेस टोपी दिली नाही. नाना म्हणतात, तू न जेवता मांडवातून उठलीस, म्हणून ते दुखावले. मी तेव्हा मैत्रिणींच्या घोळक्यात होते, मला यातलं काहीच माहीत नाही. यातलं खरं कोणतं?

काकांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पुस्तकापेक्षा जुना आहे, हे विसरू नये.

तुझी,
कामिनी


धुळे
२५ मार्च २०२५

चि. कामिनीस, आशीर्वाद.

नानाला काही सांगू नकोस. वाचू दे त्याचं त्याला.

तुझं पत्र आल्यावर मी काकांना टोपीचं विचारलं. चहा पिता पिता शांतपणे म्हणाले, टोपी दिली होती की! डोक्याला घट्ट होत होती म्हणून मांडवातल्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकली. अगं, मी कपाळाला हातच लावला. ज्या टोपीपायी मी माहेर सोडून बसले, ती या माणसाने वाटून टाकली आणि मला सांगावंसंही वाटलं नाही! विचारलं का नाहीस, असं वर मलाच ऐकवलं. उपरण्याचं तर म्हणे आठवतच नाही.

आणि मी न जेवता उठले हे कुणी सांगितलं? मी जेवले होते. निदान मठ्ठा तरी नक्की प्यायले होते. का नव्हते? आता मलाच आठवेना. राग आहे, पण तो कशावर धरायचा हेच सापडत नाही बघ.

मागच्या पत्रात मला काही वाटत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. आखाजी जवळ आली, की मी गॅलरीत उगाच जाऊन उभी राहते. कपडे वाळत घालायचं निमित्त करते आणि रस्त्याच्या टोकाकडे बघते. तुझ्या गिरजाने निदान मोठ्याने हाका तरी मारल्या. मला तेही जमलं नाही.

हे कुणाला दाखवू नकोस. लोभ दुप्पट कर, सध्या गरज आहे.

तुझी,
कुंदाआत्या


जळगाव
१२ एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नानांचं पहिलं पुस्तकही वाचून झालं. काल केळीच्या बागेचं पाणी अर्धवट सोडून मोटारसायकलवर थेट माझ्या दारात आले. पाणीसुद्धा न घेता बरसलेच, की तू त्या माणसाला खोटारडा केलंस. एका पुस्तकात नदीत उभं करून शपथ घ्यायला लावलीस आणि दुसऱ्यात घरात बसवलंस, असा कुठे भाऊ असतो का? हे बदल म्हणाले.

मलाही जरा राग आला. मी म्हटलं, बदलते, पण तो का आला नसेल ते तुम्हीच सांगा. त्यावर ते दारातच टेकले. टोपीची गोष्ट सांगितली, वाटलं हसतील. हसले नाहीत. बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपत बसले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

मला त्यांचं काही कळत नाही. एरवी देवळाची पायरी चढत नाहीत, पण दरवर्षी आखाजीच्या तोंडावर पिशवी घेऊन एसटीने एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला मात्र न चुकता जातात. येताना प्रसादही आणत नाहीत. आई म्हणते, वयाबरोबर भक्ती वाढली.

नवी आवृत्ती निघतेय. काही दुरुस्ती असेल तर लवकर कळवा, असा प्रकाशकांचा निरोप आहे. काय दुरुस्त करू, सांग ना. आखाजीला मी पुण्यात असेन, पुस्तकाचा कार्यक्रम आहे. तू गॅलरीत फार वेळ उभी राहू नकोस, ऊन फार आहे.

लोभ दुप्पट केला आहे, पोच द्यावी.

तुझी,
कामिनी


असोदा
२ मे २०२५

चि. कामिनीस, आशीर्वाद.

वरचं गाव वाचून दचकू नकोस. अक्षर माझंच आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी गॅलरीत होते, आणि एक माणूस खाली समोरच्या बिल्डिंगची दारं वाजवत फिरत होता. दोन घरी चुकून गेला, तिसऱ्या घरी ओरडा खाल्ला. मग त्याने वर पाहिलं. नथ्थूभाऊ! किती म्हातारा झालाय गं तुझा बाप. मला कुणी सांगितलंच नाही.

वर आला, पण बसेना. उभ्या उभ्याच म्हणाला, की कामिनीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलंय, ती नाही तर तू ऐक. पहिल्या वर्षी चुडामण रागाने गेला नाही. दुसऱ्या वर्षी गेला नाही, कारण पहिल्या वर्षी गेला नव्हता. मग दरसाल तोंड दाखवणं जड होत गेलं. मी म्हटलं, पुस्तकातलं मला सांगू नकोस, आधी पाणी पी. मग आम्ही दोघंही खूप रडलो. तुझ्या काकांनी मध्येच विचारलं, की टोपी आणली का, तेव्हा हसूही आलं. पिशवीतून सांजोऱ्यांचा डबा निघाला, तुझ्या आईच्या, प्रमिलावहिनीच्या हातच्या. निम्म्यांचा भुगा झाला होता. मी भुगाच आधी खाल्ला.

पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे. येताना एसटी एरंडोलला थांबली, तर भाऊ खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, मी इथे उतरायचो. मला कळेना. मग त्याने सांगितलं. दर आखाजीला तो धुळ्याचं तिकीट काढायचा, वहिनीला पद्मालयाला जातो असं सांगून. एरंडोल आलं की पाय पुढे जायला नकार द्यायचे. तिथेच उतरायचा, पद्मालयाला जाऊन देवळाच्या आवारात बसायचा, सांजोऱ्या आल्यागेल्याला वाटायचा आणि रिकामा डबा घेऊन घरी यायचा. वहिनी बिचारी हे आजच ऐकतेय. ती चुलीपाशी बसून हुंदके देऊन रडली.

मी तिकडे गॅलरीत उभी, आणि हा दरवर्षी वाटेत होता गं. मला वाटायचं माझं नावही इथे कुणी काढत नाही.

परवा आखाजीला दारातल्या निंबाला झोका बांधला. या वयात मला बसवलं सगळ्यांनी. भाऊने झोका दिला आणि लगेच कंबर धरून बसला.

आता दुरुस्तीचं. चुडामणचं कारण लिहू नकोस, वाचणाऱ्याला पटायचं नाही. आम्हालाच पुरतं पटलेलं नाही. गिरजालाही वाचवू नकोस, बुडायची तर बुडू दे. फक्त एक ओळ घाल. तो पोचला नाही, पण दर आखाजीला घरून निघाला होता, एवढं लिही. तिला कळलं नाही तरी चालेल, वाचणाऱ्याला कळू दे.

लोभाची पोच या पत्राने देते आहे. तो असाच राहू दे.

तुझी,
कुंदाआत्या
मुक्काम माहेर