आवाजाशिवाय पसंती

६ फेब्रु. १९९९
अक्का सासरहून कॅमेरा घेऊन आली. न्यू जर्सीचं स्थळ आलंय, त्या मुलाला पाठवायचं शूटिंग. ती विचारणार, मी बोलायचं. नावापाशीच अडकले. सु... सु... सुनंदा कधी एका दमात निघालंय? अण्णा म्हणाले, "परत घेऊ." नको म्हटलं. वडील झाले म्हणून काय, तोतरेपण लपवणार किती? अशीच आहे मी.

९ फेब्रु.
इथली कॅसेट तिकडच्या व्हीसीआरवर चालत नाही. मुलानं कळवलं, सीडी पाठवा. जे. पी. नगरला आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सोय आहे. लॅब माझ्याच ताब्यात. कॅसेट मशीनवर उतरवली, चित्र ठीक, आवाज ठीक. मग सीडीसाठी फॉरमॅट बदलला, तर आवाज गायब! लॅबमधला मूर्ती वाकून बघतो, "सौंडे इल्ला! आवाजच नाही!" वायर बघितली, स्पीकर बदलला. जुन्या फाइलला आवाज आहे, नव्या फाइलला नाही. का?

१२ फेब्रु.
तीनदा केलं. दर वेळी चार-चार तास. मुकी सीडी घरी आणली, अम्माला दाखवायला. ती म्हणे, "चेहरा दिसतो ना? सरी, चालेल, पाठवा." अण्णांनी पाकीट उचललं. थांबा म्हणायला तोंड उघडलं. शब्द निघेपर्यंत स्कूटर गल्लीच्या टोकाला.

२० फेब्रु.
मुलाच्या आईचा हुबळीहून फोन. पसंत! "मुलगी शांत वाटते. सीडीला आवाज नव्हता, असू दे. पुढच्या रविवारी तो फोनवर बोलेलच." अम्मा देवापाशी. मला आनंद झाला. खरंच झाला. मग लाज वाटली. त्यानं पसंत केली ती कोण?

२३ फेब्रु.
सापडलं. आवाज बावीस किलोहर्ट्झवर उतरवला होता, सीडीला चव्वेचाळीस लागतो. एवढंच! आवाजाची वेगळी फाइल काढली, बदलली, चित्राला परत जोडली. वाजली. स्वतःला असं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. मूर्ती उठून बाहेर गेला. चहाला, का ऐकवेना म्हणून? विचारलं नाही.
घरी सांगितलं. अण्णा: "झालंय ना सगळं? आता कशाला?" अक्काला फोन केला. ती म्हणे, "तुझं तू ठरव." ती तरी काही ठाम बोलेल वाटलं होतं.
हे मला आधी सापडलं नाही, का मी नीट शोधलंच नाही? माझं मलाच...

२८ फेब्रु., रविवार
सकाळी आठला त्याचा फोन. अण्णांनी माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "नमस्कार, मी श्रीधर." आवाज चांगला आहे. मी 'न' वर अडकले. न... न... त्यानं घाई केली नाही. मग खरखर, मग काहीच नाही.
अम्मा म्हणते, लाइन तुटली. परदेशचे फोन तुटतातच. दहापर्यंत शेजारीच बसले. परत वाजला नाही.

२ मार्च
कालही फोन नाही. दुपारी अर्धी रजा टाकली, आवाजाची सीडी पोस्टात दिली. घरी विचारलं नाही. सोबत चिठ्ठी: "आधीच्या सीडीला आवाज नव्हता. हा माझा. पूर्ण ऐका, मग कळवा." खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? "मी," असं तोंडातून गेलं. न अडखळता. बाई बघतच राहिल्या. मग म्हटलं, सी... सीडी.
पोचायला आठवडा तरी लागतो म्हणे. तेवढ्यात त्याचा फोन आला तर काय बोलायचं? आणि नाही आला तर?