पुढच्या चाकाचा खटका

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सायकल आली. बाहेर दारात उभी आहे आणि मी आतून खिडकीतून तिच्याकडे बघतेय. नको असलेला पाहुणा आल्यावर बघतात तशी.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, वरच्या वस्तीकडचा पूल दुरुस्तीला घेतलाय, बस बंद, गाड्या बंद, पायी आणि सायकलवर तेवढं सोडतात. "तिकडचे पेशंट सगळे म्हातारे. उपाशीपोटी रक्त द्यायला खाली कसे येणार? तुम्हीच जायचं. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी कुणी बघते." मोकळेपणाने म्हणे! तसं सांगितलं की नोकरीतूनच मोकळी.

जमेल म्हटलं. कुठून दुर्बुद्धी झाली. शाळेत चालवायचे ती साधी सायकल, आणि तीही सपाट रस्त्यावर. हिला एकवीस गिअर आहेत. हॅंडलला दोन्हीकडे खटके, वायरी, आकडे. ह्यांना फोन केला तर हसायलाच लागले. परगावी बसून हसायला काय जातं? म्हणे, "मिक्सर कितीवर ठेवायचा ते मला विचारतेस, एकवीस गिअर कुणाला विचारणार?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

पडले. अंगणातच! उजवा ब्रेक पुढचा, डावा मागचा. घाबरून उजवाच करकचून दाबला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी मात्र पुढे गेले. कोपर सोललं.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, ओट्यावर बसून बघत होते. सासूबाई गेल्यापासून ते तिथेच बसतात, सकाळपासून. मी उठून कपडे झटकले तर म्हणाले, "मागचा आधी, पुढचा नंतर आणि हलकेच. बायकोला हाक मारतो तसा." किती दिवसांनी बोलले! दुखत होतं तरी हसू आलं.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांद्यावर तारेचं भेंडोळं आणि शिडी घेऊन सगळा जन्म सायकलवर काढला. पण ती सायकल म्हणजे लोखंडी घोडा, गिअर नाही का काही नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चढले. खरंच चढले! चौकातल्या सायकलवाल्याने गिअर समजावून दिले होते. "ताई, आकडे विसरा. पाय जड झाला की हलका गिअर, पाय रिकामा फिरायला लागला की जड गिअर. चढ दिसला की आधीच बदला. चढाच्या मध्यात जोर लावून बदलाल तर चेन उतरेल. आणि उभ्या सायकलचा गिअर कधी बदलायचा नाही, पायडल फिरत असतानाच."

चढ झाला. पण वर चढलेल्याला खाली उतरावं लागतं, हे माझ्या डोक्यात वर गेल्यावर आलं. मागे रक्ताच्या नळ्यांचा डबा, समोर उतार. पाण्याच्या टाकीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सरळ घसरगुंडी, आणि मध्ये ते वळण. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नुसता कठडा. कठड्यापलीकडे खाली लोकांची घरं दिसतात, म्हणजे त्यांची छपरं दिसतात.

जीव मुठीत धरायचा तर मुठी ब्रेकवर होत्या. अर्धा उतार ब्रेक घासत उतरले, अर्धा हातात सायकल धरून चालत. औषधाच्या दुकानाशी पोहोचले तर बोटं सरळ होईनात. दुकानदारीण म्हणाली, "ताई, पाणी देऊ?" माझा चेहरा कसा दिसत असेल कोण जाणे.

सोमवार, १० नोव्हेंबर

भीती काही कमी होत नाही. पहाटे जाग येते ती त्या वळणावरच येते.

पण घरात एक नवल घडलंय. बाबांनी सायकल ताब्यात घेतली! संध्याकाळी मी आले की फडकं, तेलाची बुधली, जुने पाने घेऊन अंगणात बसतात. चेन पुसतात, ब्रेकची रबरं बघतात, चाकं आवळतात. पुढच्या चाकाला पाना लागत नाही, हातानेच फिरवायचा दांडा आहे, यावर तर त्यांचं भाषणच झालं. "पान्याशिवाय चाक? उद्या म्हणतील किल्लीशिवाय कुलूप." मग दांडा गरागरा फिरवून, दात आवळून घट्ट केला. "आता हत्ती बसला तरी हलायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला म्हणत नाहीये."

रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गेल्या वर्षात मी त्यांना मागून खाताना पाहिलं नव्हतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वळणावर पुढून कट-कट असा आवाज आला. ब्रेक दाबला की हॅंडल किंचित डावीकडे ओढल्यासारखं होतं. थांबले, उतरले, बघितलं. काही दिसेना. पुन्हा बसले, पुन्हा आवाज. शेवटी चालतच खाली आले. उशीर झाला. मॅडम बोलल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं फक्त. बोलल्या असत्या तर बरं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसंच असेल. आवाज माझ्याच डोक्यात असेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डोक्यात नव्हता.

सायकलवाल्याकडे नेली. त्याने पुढची बाजू उचलली आणि चाकावर वरून एक थाप मारली. चाक निखळून खाली पडलं आणि लोळत रस्त्यावर गेलं. मी बघतच राहिले. ह्याच चाकावर मी काल त्या वळणावर होते.

"हे कोणी आवळलं?" तो ओरडलाच. "ताई, हा नट नाही, हा खटका आहे. पिळायचा नाही, मिटवायचा. पलीकडचा छोटा नट बोटांनी बसवा, मग हा दांडा असा आडवा दाबून मिटवा. दाबताना तळहाताला वळ उठला पाहिजे. वळ नाही उठला तर चाक बसलंच नाही समजा. हा कुणीतरी नळासारखा गरागरा फिरवून ठेवलाय. हाताला घट्ट लागतो, पण रस्त्याच्या हादऱ्याने सैल होत जातो. कोण उंटावरचा शहाणा आहे तुमच्याकडे?"

मी जाऊन चाक उचलून आणलं. त्याने माझ्याकडून तीनदा उघडून मिटवून घेतला. तळहात लाल झाला तेव्हा सोडलं.

घरी चालत आले. सायकल हातात. बसायची हिंमतच होईना.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सांगितलं बाबांना. जपून सांगितलं, आडून आडून. नवीन पद्धत आहे, आपल्याला कुणालाच माहीत नव्हती, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं.

"म्हणजे माझ्या हाताने तुला मारलं असतं मी."

"नाही हो बाबा, असं कसं बोलता?"

"सायकलही कळत नाही आता." एवढंच. उठले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला हाक मारली तर भूक नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दोन दिवस झाले, ओट्यावरही आले नाहीत. चहा समोर ठेवला की गार होतो. आज दाढीही केली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा असंच सुरू झालं होतं. आधी दाढी राहिली, मग जेवण, मग बोलणं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांना काहीतरी हातात काम द्या, नाहीतर हे उठायचे नाहीत. मला त्या उताराची भीती वाटते, पण या खोलीची जास्त वाटते.

संध्याकाळी गेले त्यांच्याजवळ. म्हटलं, "बाबा, त्या सायकलवाल्याचं काय ऐकायचं? त्याला दोन पैसे उकळायचे असतात. मी दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला तुमचंच बरोबर." खोटं. धडधडीत खोटं!

कूस बदलून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. आजकालची पोरं. पाना हातात धरता येत नाही आणि शिकवतात." उठले. फडकं घेतलं. दांडा पिळला, दात आवळून.

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. कांदा चिरत होते, त्यामुळे निभावलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आता असं. संध्याकाळी ते पिळतात. सकाळी मी निघते, कोपऱ्यावर वळले की भिंतीआड थांबते, खाली बसते, त्यांचं सोडवते आणि खटका मिटवते. तळहाताचा वळ बघते. मग बसते. बाबा दारातून हात हलवत असतात तेव्हा चाक सैलच असतं. कोपऱ्यापर्यंत हळू हळू, ब्रेकला हात न लावता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज वळणावर एकदम वाटलं—मिटवला का मी? कोपऱ्यावर शेजारीण भेटली, बोलत राहिलो. मिटवला की नाही? आठवेना. उतार सुरू झालेला. थांबायचं तर ब्रेक दाबावा लागणार, आणि ब्रेक दाबला आणि चाक निघालं तर? मागचा ब्रेक तेवढा दाबत, पाय घासत, कठड्याला टेकले. वाकून बघितलं. मिटवलेला होता. तळहातावर वळही होता, मीच बघितला नव्हता.

तिथेच बसून राहिले. खालच्या छपरावर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. ती बाई वर बघून हसली. मीही हसले. तिला काय माहीत.

हे असं किती दिवस? पुलाचं काम उन्हाळ्यापर्यंत चालणार म्हणतात. खरं सांगून टाकावं असं रोज वाटतं. आणि रोज संध्याकाळी ते फडकं घेऊन वाट बघत बसलेले असतात. दाढी केलेली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गिअरचं जमायला लागलं, हे मात्र कबूल करायला हवं. चढावर आता उतरावं लागत नाही. उताराआधी जड गिअर लावून ठेवते, म्हणजे पाय रिकामे फिरत नाहीत. वजन मागे, वळणाच्या आधीच वेग कमी, वळणात ब्रेक नाही. सायकलवाला म्हणाला, "ताई, आता तुम्ही माणसात आलात."

भीती आहेच. फक्त ती आता माझ्या शेजारून चालते, अंगावर बसत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बाबांनी चेन पुसता पुसता विचारलं, "अजून घाबरतेस का गं उताराला?"

म्हटलं, वळणावर थोडी. पुढचा ब्रेक दाबला की काळीज हलतं.

"म्हणजे ब्रेकमध्येच काही असणार. उभ्या सायकलवर कळत नाही ते. एकदा बसून बघायला पाहिजे मला."

"या वयात उतारावर? काही नको. गप बसा."

"अगं, मी शिडी खांद्यावर घेऊन ते वळण घेतलंय. एका हाताने." आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे मी किती दिवसांनी पाहिलं.

ठरवलंय, रविवारी हे येतील. त्यांच्यासमोर शांतपणे सगळं सांगायचं. मुलाने सांगितलं तर कदाचित एवढं लागणार नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मॅडमची गाडी दारात. आज खालच्या शाळेत तपासणी आहे, वर जायचंच नाही. उतार नाही, वळण नाही, काही नाही! गाडीत बसल्या बसल्या लिहितेय. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "जा जा, राणीसारखी जा." किती हलकं वाटतंय.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बाबा जिवंत आहेत. खांद्याचं हाड मोडलंय, ओठाला टाके, एक डोळा सुजून बंद. काल मी गाडीने गेल्यावर सायकल घेऊन निघाले, दांडा रात्री पिळलेला तसाच. औषधाच्या दुकानदारिणीने त्यांना वळणावरून उचललं. सायकल कठड्यात अडकलेली आणि पुढचं चाक खाली कुणाच्या तरी अंगणात.

सकाळी शुद्धीवर आले. मला जवळ बोलावलं. बोलणं नीट उमटत नव्हतं.

"ब्रेक बघायला गेलो होतो गं, तुझ्यासाठी. चाकच निसटलं. रात्री मी घट्ट आवळलं होतं, मला पक्कं आठवतंय. तू हात लावला होतास का त्याला?"

मी हो म्हटलं.

त्यांनी डोळा मिटला. "मग ठीक आहे," म्हणाले. "मला वाटलं, माझंच काही चुकलं."