तीन नंबरची जाळी

बाबा, तुमची डाळमिल बंद झाली. ‘तुमची’ म्हणते, कारण मालक कोणी का असेना, अकोल्यातल्या आपल्या वर्कशॉपमधून निघालेली डाळ चाळायची प्रत्येक जाळी तिथेच जायची. मालकाच्या मुलांनी यंत्रं विकली आणि गेटला कुलूप लावलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात मीही दुसरं गिऱ्हाईक शोधलं नाही. आता आपल्याकडे सहा कामगार होते आणि काम उरलं होतं चार दिवसांचं.

मी कॉलेजात असतानाची ती दुपार आठवते. अमरावतीचा एक मिलवाला तूर चाळायच्या जाळ्या विचारायला आला होता. तुम्ही जेवायला गेलेले, म्हणून मी माप लिहून घेतलं. तुम्ही येता, कागद पाहता.

“तुले कोनं सांगतलं वं माप घ्याले?”

“काहून? काम नाई पाहिजे का आपल्याले?”

“ज्यायच्या भरोशावर तू शिकून राहिली, त्यायची जाळी दुसऱ्याच्या मिलमंदी जाईन का?”

कागद माझ्या हातात देऊन तो परत करायला तुम्ही मला स्टँडपर्यंत त्या माणसामागे धाडलं. तो हसला, मी रडले. तरी तुमच्या इमानाचा मला अभिमानच वाटत होता.

त्या अभिमानानेच मागच्या महिन्यात नमुने घेऊन निघाले. पहिल्याच मिलमध्ये मी म्हणाले, “आमची तीन नंबरची जाळी तुरीले बरोबर बसते.” तिथला फोरमन नमुना उलटसुलट करून म्हणतो, “बाई, हा तीन नंबर आमचा कोन लागते, मामा का मावसा? भोक किती एमएमचं, ते सांगा.” मला सांगता आलं नाही. तुम्ही नंबर दिले होते ते त्या एका मिलच्या चाळण्यांच्या क्रमाने. पत्रा तर एकाच दुकानातला, ‘नेहमीचा’. त्याची जाडीही मला ठाऊक नव्हती. एका गिऱ्हाइकाचं काम करता करता आपण त्याची भाषा उचलली होती, आणि ती बाहेर कोणालाच कळत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून प्रेसवरचे तुमच्या वेळचे कारागीर काका आणि मी पत्र्याला भोकं पाडायचा प्रत्येक डाय मोजायला बसलो. जुने नंबर घासून एमएम कोरले. पत्र्यासाठी अमरावतीचं दुसरं दुकान धरलं, पहिलं न सोडता. मग अकरा मिल फिरलो. चौघांनी काम दिलं, थोडं थोडं. पण प्रेस थांबलं नाही आणि कोणाला घरी बसवावं लागलं नाही. यापुढे कोणा एकाच्या कुलपाने आपलं शटर पडणार नाही, हे मी ठरवलंय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं तेच लिहिते. त्या चौघांतला एक मोठा मिलमालक म्हणाला, “सारा माल मलेच द्या, वर्षभराचं काम लिहून देतो. दुसऱ्या कोनाले द्याचा नाई.” मी ठाम नकार दिला, असं घरी सगळ्यांना सांगितलंय. प्रत्यक्षात मी सहीसाठी पेन उघडलं होतं. काकाच मधे बोलले, “निम्मा देऊ, साहेब. बाकीच्या तिघायले शब्द देला हाये.” मालक कुरकुरले, पण निम्म्यावर आले. परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “तुमी बी बाबावरच गेल्या ना, बाई.” राग यायला हवा होता, बाबा. मला बरं वाटलं.