प्रभुभोजनाच्या वेळी मी बाहेर असते

प्रिय ठमे,

फोनवरच सांगावं म्हणून दोनदा नंबर लावला. पहिल्यांदा तू म्हणालीस, "आई, वॉर्डात राउंड चालू आहे, पटकन बोल." पटकन बोलता येण्यासारखी गोष्ट असती तर ती तेहेतीस वर्षं माझ्या पोटात राहिली असती का? दुसऱ्यांदा मीच कच खाल्ली आणि तुला विचारलं, तिकडे पाणी पुरेसं येतं का. तू म्हणालीस, "हे विचारायला फोन केलास?" म्हणून आता पत्र. पत्रात माणसाला मधेच तोडता येत नाही. गोष्ट माझी आहे आणि तुझ्या बाबांचीही आहे, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आत ती तुला माझ्याकडूनच कळली पाहिजे. ड्यूटीवरून आलीस की आधी दोन घास खा, मग वाच.

इकडे बाइंडिंगचं दुकान चालू आहे. शाळांच्या हजेरीपुस्तकांचं काम आलंय. कापायच्या मशीनवर तोच आपला जुना कारागीर आहे, दिवसभर स्वतःशी कुरकुरतो आणि मी हसले की म्हणतो, "मालक असते तर माझी बाजू घेतली असती." बाबांचा ॲप्रन मी अजून खुंटीवरून काढलेला नाही. खळीने तो इतका कडक झालाय की माणूस आत नसूनही खांदे दिसतात. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. रडू येतं असं नाही. पण पुठ्ठा मापून झाला की मी आजही तो उजवीकडे पुढे सरकवते, आणि तो तिथेच पडून राहतो.

मागच्या आठवड्यात पाळक आणि मंडळीचे चिटणीस दुकानात आले. मी छापील तावांचे फर्मे दुमडत होते. चिटणिसांनी घसा साफ केला तेव्हाच मला वाटलं, काहीतरी मोठं येतंय. एरवी ते घसा साफ न करताच तासभर बोलतात. म्हणाले, "बाई, पंचमंडळात आजवर एकही स्त्री नव्हती. तुमच्या मिस्टरांची जागा रिकामी आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं." मी म्हटलं, माझं? मी काय केलं? तर म्हणाले, "अहो, अकरा वर्षं! अकरा वर्षं प्रभुभोजनाच्या वेळी तुम्ही स्वतःची जागा सोडून बाजूच्या खोलीत लोकांची तान्ही पोरं सांभाळता, म्हणून आयांना शांतपणे भोजन घेता येतं. एवढा त्याग कोण करतं हो?" पाळकबाईंची जुळी तर माझ्या मांडीवरच दात काढून मोठी झाली, असंही पुढे जोडलं. मी मान खाली घालून फर्मा दुमडत राहिले. त्यांना तो विनय वाटला. जाताना एक अर्ज ठेवून गेले आणि म्हणाले, "बाप्तिस्म्याची तारीख तेवढी भरा. आमच्या जुन्या रजिस्टरात नुसतं 'परगावी झालेला' एवढंच लिहिलंय."

ठमे, माझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. परगावी नाही, या गावी नाही, कुठेच नाही.

हे वाक्य लिहून मी उठले, दोन पातेली घासली आणि परत येऊन बसले. अजून ते कागदावर तसंच आहे.

तू म्हणशील, मग लग्न चर्चमध्ये कसं झालं? तसंच झालं. तुझ्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, माझ्याकडून शब्द घेतला होता. "मुलगा निर्व्यसनी आहे, हाताला काम आहे, कर लग्न. पण त्यांचं ते बाप्तिस्म्याचं पाणी आमच्या हयातीत घेऊ नकोस." मी शब्द दिला. इकडे त्या वेळचे पाळक दोघांचा बाप्तिस्मा झाल्याशिवाय लग्न लावत नसत. तुझे बाबा माझ्याशेजारी उभे राहून त्यांना म्हणाले, "हिचा झालाय, हिच्या गावी." म्हातारे पाळक भले गृहस्थ, बाबांना लहानपणापासून ओळखणारे. लगेच लिहून घेतलं, पत्रसुद्धा मागितलं नाही. मी तिथेच उभी होते, माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं. म्हणून ते खोटं एकट्या बाबांचं, असं मी कधीही म्हणणार नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "नंतर करू गं, सगळं निवलं की." ते नंतर कधी आलंच नाही. आजी-आजोबा गेले, माझा शब्द संपला, पण तोवर बाबा पंच झाले होते. पंचाच्या बायकोचा बाप्तिस्मा आता करायचा तर पंधरा वर्षांपूर्वी काय झालं होतं, हे आधी सांगावं लागणार. तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातावर घेऊन मीच उभी होते. तू एवढी किंचाळलीस की माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

पहिली कितीतरी वर्षं मला याचं काही वाटलंच नाही. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं, तरी सगळे पुढे जायचे तशी मीही जायचे. भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा घोट, झालं. नवऱ्याच्या घरची रीत. मी कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाइंडरची बायको, ठमीची आई. त्यापलीकडे मला काही असायची गरज पडली नव्हती.

गोष्ट बिघडली ती वाचनाने. चौथीत शाळा सुटलेली बाई मी. वाचायला शिकले ती दुमडायच्या कागदांवर, हे तुला माहीतच आहे. फर्म्यावर पानं उलटीसुलटी छापलेली असतात, अर्धी डोक्यावर उभी. त्यामुळे कोणत्याही पुस्तकाचं मी आधी मधलंच काहीतरी वाचलेलं असायचं. बाबा चिडवायचे, "हिला विचारा खून कोणी केला, मेला कोण ते मात्र हिला माहीत नाही." अकरा वर्षांपूर्वी शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिकांचं काम आलं. छापखान्यातून एकेक फर्मा येई तसा मी दुमडत होते. एका फर्म्याच्या शेवटच्या पानावर ती बाई आली. बारा वर्षं आजारी असलेली, गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला हळूच हात लावणारी. ती बरी होते. तिला गुपचूप निघून जायचं असतं. आणि तो थांबतो आणि विचारतो, कोणी हात लावला. तिथे फर्मा संपला. पुढचा तयार नव्हता. मशीन बिघडलं होतं, दोन दिवस लागणार होते.

दुकानात बायबल नव्हतं असं नाही, घरातही होतं. पण मला ते उघडायचा धीर होईना. ते दोन दिवस मी माझ्याशीच भांडत होते. बरी झाली ना ती? मग जाऊ द्या ना तिला. चारचौघांत कशाला उभं करता? मला त्याचा राग आला होता, ठमे. देवाचा राग यायला तो खरा वाटावा लागतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी पुढचा फर्मा आला. मी तो उभ्यानेच वाचला. ती थरथरत पुढे येते, सगळं खरं सांगते. आणि तो तिला मुलगी म्हणतो. तिचा नवरा कोण, बाप कोण, घर कुठलं, काही विचारत नाही. ज्या सगळ्यांपुढे ती आजवर आजारी बाई होती, त्या सगळ्यांपुढे मुलगी म्हणतो. मी कागद खाली ठेवला आणि मला बसावं लागलं. बाबांना वाटलं चक्कर आली. ते पाणी घेऊन धावले.

त्यानंतरच्या रविवारी तुकडा माझ्या हातात आला आणि तो माझ्याच्याने तोंडात घालवेना. विश्वास नव्हता तेव्हा बिनघोर खाल्ला. विश्वास बसला आणि घशाखाली उतरेना. आधी उष्ट्या-खरकट्याची जाण नसलेल्या लेकरासारखी होते, आता ताट कुणाचं आहे ते कळलं होतं. मागच्या बाकावर एक बाळ रडत होतं. मी त्याला उचललं आणि बाहेर गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग लोकच पोरं माझ्या हातात द्यायला लागले. लपायला गेले आणि त्यागी म्हणून निघाले. याला काय म्हणावं?

बाबांना कळत होतं. एकदाच मी विषय काढला. ते फार वेळ पुठ्ठ्यावर रेघ मारत बसले, मग म्हणाले, "मी सांगतो पाळकांना. थोडी सवड दे." मी दिली. ते वाईट माणूस नव्हते, ठमे; तू त्यांना जसं ओळखतेस तसेच ते होते, कुणाच्या कागदाचा ताव इकडचा तिकडे न करणारे. फक्त या एका जागी ते भित्रे होते, आणि ती जागा मी होते.

शेवटच्या आठवड्यात पाळक दवाखान्यात त्यांना प्रभुभोजन द्यायला आले, ते तुला आठवतंय? त्यांनी तुकडा माझ्यापुढेही केला. मी म्हटलं, पाणी भरून आणते, आणि बाटली भरलेली असताना ती घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा वाहत होतं आणि तू ड्यूटीवरच्या सिस्टरला हाक मारत होतीस की यांचं दुखणं वाढलंय, इंजेक्शन द्या. तू मुलगी होतीस आणि नर्सही होतीस, तू योग्यच केलंस. पण नंतर तू कितीदा म्हणालीस, "आई, आपण त्यांना आधी औषध दिलं असतं तर ते एवढे रडले नसते." ठमे, ते रडणं दुखण्याचं नव्हतं, मी भरलेली बाटली घेऊन बाहेर गेले त्याचं होतं. तुझ्याकडून काही राहून गेलं नव्हतं. हे मी तुला दीड वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं, आणि बाबांचं नाव राखायचं म्हणून तुला झुरू दिलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते.

तो अर्ज आल्यापासून मी धड एका जागी बसलेली नाही. हजेरीपुस्तकांचा एक पूर्ण गठ्ठा उलटा दुमडला, कारागीर म्हणाला, "बाई, या शाळेत पोरं शुक्रवारपासून सोमवारकडे जातात वाटतं." चिटणिसांना रस्त्यात गाठून विचारलं, तारीख नसेल तर? ते हसून म्हणाले, "कुठलीही टाका हो, कोण तपासतंय." मी घरी येऊन खरोखर टाकली. लग्नाची तारीख टाकली. अक्षर इतकं सुरेख आलं की मला माझीच भीती वाटली. तो अर्ज तसाच घेऊन पाळकांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

पाळक तरुण आहेत, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आमची जुळी..." मी म्हटलं, हो, तुमच्या जुळ्यांच्या आडोशाला बसत होते. त्यांना हसू आलं, आणि मग मलाही. नंतर त्यांनी तुझ्या बाबांच्या आठवणीने, अगदी मायेने सुचवलं, "बाई, बुधवारी दार लावून बाप्तिस्मा करू. मी, तुम्ही आणि माझी पत्नी. कुणाला कळायचं कारण नाही. साहेबांचं नाव राहील, तुमचं पंचपदही राहील."

मी हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. बाबांना हेच आवडलं असतं, हेही माहीत होतं. पण दार लावून मी काय घेणार? लपून तर मला आधीच सगळं मिळालं होतं, त्या बाईसारखं. लपून मुलगी तेवढी होता येईना. मी म्हटलं, रविवारी करा, सगळ्यांसमोर. पंचपद दुसऱ्या कुणाला द्या. मी माझं गप्प बसणं सांगेन. बाबांचं सांगताना माझी जीभ अडखळेल, पण रजिस्टरात लिहिलेलं खोटं त्यांच्या शब्दावर लिहिलंय, ते वगळून उरलेलं खरं अर्धंच राहील.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तुझी परवानगी मागत नाही. तुला राग येईल, तो येऊ दे, मी त्याला पुरून उरेन. सोबत बाप्तिस्म्याचा नवा अर्ज ठेवला आहे. त्यात खाली एक रकाना असतो: या व्यक्तीला ओळखणारी आणि तिच्याबरोबर उभी राहणारी व्यक्ती. मी तिथे पेन्सिलीने तुझं नाव लिहिलं होतं. मग खोडलं. माझ्या वतीने एकदा कुणीतरी बोललं आणि मी ऐकून घेतलं, त्याचं काय झालं ते तू आत्ताच वाचलंस. तुला न विचारता तुझं नाव मी लिहिणार नाही. तुला वाटलं तर तुझ्या हाताने लिही आणि घेऊन ये. नाही वाटलं तर रकाना कोरा पाठव, मी तो तसाच पाळकांना देईन. ते म्हणाले, कोरा असला तरी पाणी तेवढंच ओलं असतं. उपासना नऊला सुरू होते. मी त्या दिवशी आत बसणार आहे, पुढून तिसऱ्या बाकावर, आणि माझ्याशेजारच्या जागेवर मी काहीही ठेवणार नाही, पिशवीसुद्धा.

तुझीच, भ्यालेली पण पक्की,
आई