विमानाची चावी माझ्याकडे आहे

अहो,

विमानाची चावी शोधू नका, मी सोबत नेलीय. आज उडायचं नाही.

परवा शेडमध्ये आपल्या विमानाच्या पंखांकडे जाणाऱ्या नव्या तारा ताणताना तुम्ही मला विमान वळवायचा दांडा बरोबर मध्ये धरायला लावलात. तेवढ्यात शांभवीनं नट तोंडात घातला. मी दांडा सोडून धावले आणि नंतर अंदाजानंच पुन्हा धरला. तुम्ही पंखाखालून ओरडलात, "मध्येच हाय न्हवं?" मी म्हणाले, "व्हय की."

मग तुम्ही लेकीला खांद्यावर घेऊन शेडभर नाचलात. दांडा जरा जरी कललेला असला तर विमान हवेत एका अंगाला झुकेल, हे ठाऊक असूनही सांगायचा धीरच झाला नाही. चुकलं माझं.

ड्युटी संपली की गडहिंग्लजहून सहाच्या एसटीनं निघते. हवं तेवढं चिडा, पण तारा सोडून पुन्हा ताणू. दांडा मीच धरीन, आणि या वेळी विचारलंत तर खरं सांगेन.

वैजयंती