बारा नंबरचा विश्वजीत

बुधवार, १४ नोव्हेंबर २००७

पोचलो एकदाचा पुण्यात! औशाच्या जत्रेत कर्ण्यावरून कबड्डी ओरडून ज्याचा घसा तयार झाला, तो उत्तरेश्वर आता रेडिओवर बोलणार. वारज्यातल्या एका कॉलेजचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे. तिथल्या प्रमुख पद्मजाबाईंनी माझा आवाज ऐकला आणि आवाज बरा आहे, अक्कल हळूहळू येईल, असं म्हणून कामावर घेतलं. पुणेरी कौतुक म्हणतात ते हेच असावं.

काम फुटबॉलचं. दर रविवारी दुपारी चारला येरवड्याच्या मैदानावर स्पर्धेचे सामने असतात. वारज्याच्या पोरांचा भैरवनाथ संघ विरुद्ध कुठल्या ना कुठल्या कंपनीचे साहेब. गंमत म्हणजे मी मैदानावर जायचंच नाही! तिथून थेट बोलायची सोय केंद्राकडे नाही. वारज्यातलेच संपतराव मैदानाच्या कडेला बसून मोबाइलवर मला सांगणार, चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला. आणि मी इथे काचेच्या खोलीत बसून सगळं डोळ्यांनी बघतोय असं बोलणार. मागे टेपवरचा गलका. नियम एकच, पाच सेकंदांच्या वर गप्प बसायचं नाही. शांतता ऐकायला लोकांना रेडिओ लागत नाही, इति पद्मजाबाई.

राहायला दिग्विजयच्या खोलीवर आलोय. माझा धाकटा भाऊ. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि याच संघात डावीकडून खेळतो. जेवण गावठाणात सोजरबाईंकडे. त्यांचा मुलगा मच्छिंद्र संघात मागे खेळतो, तोच गरम भाकरी आणून वाढतो. निघताना आईनं एकच सांगितलं होतं, लहान्याला जप. चोवीस वर्षांचा घोडा झालाय तो, पण आईला काय त्याचं!

रविवार, १८ नोव्हेंबर

पहिला सामना पार पडला. पण काय फजिती!

सुरुवात झकास झाली. संपतराव फोनवर हाय, हाय, बॉल आपल्याकडंच हाय करत होते आणि मी त्याचं रसाळ मराठी करत होतो. उत्तरार्धात चेंडू मच्छिंद्रकडे आला आणि फोनची रेंज गेली. एक सेकंद, दोन, तीन. काचेपलीकडून पद्मजाबाई माझ्याकडे बघताहेत. खऱ्या खेळाडूच्या नावावर थाप मारली तर उद्या तोच गचांडी धरेल. म्हणून मी एक नवाच माणूस उभा केला. मच्छिंद्रकडून चेंडू बारा नंबरच्या विश्वजीतकडे! बारा नंबर नाही, विश्वजीत नाही, दिलं ठोकून. उंच, सडपातळ, डाव्या मनगटाला पांढरा रुमाल बांधलेला. आणि वर हेही म्हणालो की या पठ्ठ्याच्या पायात एकदा चेंडू आला की तो कुणाला म्हणून देत नाही. सात मिनिटं पळवला त्याला. रेंज आली तसा चेंडू बाहेर घालवला आणि सुटलो.

दिग्विजय पोट धरून हसला. मग म्हणाला, दादा, पुन्हा असं करू नकोस.

मंगळवार, २० नोव्हेंबर

केंद्रात फोनवर फोन. सगळ्यांना विश्वजीत हवाय. पद्मजाबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, नसलेल्या माणसाचंच लोक कौतुक करतात, त्याला पुढच्या वेळीही आणा. मला जरा बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू?

रविवार, २५ नोव्हेंबर

आज संपतराव स्वतःच म्हणाले, मच्छिंद्रकडनं विश्वजीतकडं. वाटलं, चेष्टा करताहेत. मीही तेच बोललो. त्यानंतर संपूर्ण सामन्यात मच्छिंद्रचं नाव आलं नाही. शेवटी विचारलं तर संपतरावांनी मलाच विचारलं, कोन मच्छिंद्र? विश्वजीत मात्र होता म्हणे. उंच हाय, हाताला रुमाल हाय.

संध्याकाळी जेवायला गेलो. भाकरी सोजरबाईंनीच वाढली. मच्छिंद्र कुठाय विचारलं. त्या म्हणाल्या, मला लेकरूच न्हाई बाबा, देवानं दिलंच न्हाई. पण आमची पंगत उठल्यावर त्यांनी चुलीपाशी दोन ताटं वाढली होती. दुसऱ्या ताटाकडे बराच वेळ बघत बसल्या, आणि ते का वाढलं हे त्यांनाच कळेना.

सोमवार, २६ नोव्हेंबर

दिग्विजयलाही मच्छिंद्र आठवत नाही. संघाच्या वहीत नाव नाही. ते फक्त या रोजनिशीत आहे, माझ्या अक्षरात. संघ एकानं कमी झाला म्हणालो तर दिग्विजय हसला, विश्वजीत दोघांचं खेळतो की, म्हणाला.

अरे देवा, हे माझ्या तोंडून सुरू झालं.

रविवार, २ डिसेंबर

ठरवून गेलो होतो, आज ते नाव घ्यायचं नाही. संपतराव म्हणाले, शुभंकरकडनं विश्वजीतकडं. मी दातावर दात धरून गप्प. पाच सेकंद झाले. पद्मजाबाई तरातरा आत आल्या, फोन कानाला लावला, माइक ओढला आणि संपतरावांचं ते वाक्य स्वतः बोलल्या.

शुभंकर गोलरक्षक होता. होता! आता त्यालाही कुणी ओळखत नाही.

म्हणजे मी गप्प बसून भागत नाही. नोकरी सोडली तरी दुसरा कुणी बोलेलच. दर सामन्याला एक. जो त्याला पहिल्यांदा चेंडू देतो तो.

रविवार, ९ डिसेंबर

युक्ती सुचली होती. चेंडू उलटा फिरवायचा. विश्वजीतकडून मच्छिंद्रकडे! आज छातीठोक बोललो. दोनदा, तीनदा. संपतराव वैतागले, म्हणाले, काय बी बोलू नका, देत न्हाई त्यो. त्यो कुनाला बॉल देतच न्हाई, तुमीच तर सांगितलं व्हतं.

मीच. माझ्याच तोंडानं.

आजही एक गेला. नाव मघाशी आठवत होतं. लिहायला बसलो आणि—

रविवार, १६ डिसेंबर

जिंकलो म्हणे. अंतिम सामन्यात गेलो. कोण गेला ते मलाही सांगता येत नाही. मागची पानं वाचून मच्छिंद्र माहीत होतो, तेवढंच.

गुरुवार, २० डिसेंबर

दिग्विजय आनंदात आला. अंतिम सामन्याचा डाव ठरलाय. पहिल्याच मिनिटाला डावीकडून यानं चेंडू न्यायचा आणि विश्वजीतला द्यायचा.

पाया पडलो त्याच्या. धाकट्या भावाच्या! खेळू नकोस म्हणालो. दादा, तुला झालंय काय, विश्वजीत तर माझा जिवाचा दोस्त आहे, म्हणाला. कधीपासून, विचारलं. बोटांवर वर्षं मोजायला लागला, मध्येच सोडून दिलं. मग म्हणाला, पहिल्यापासून.

शनिवार, २२ डिसेंबर

त्याचे बूट लपवले. दुसरे घेऊन आला.

आईला फोन केला. ती म्हणाली, लहाना बरा आहे ना? आहे म्हणालो. अजून आहे.

रविवार, २३ डिसेंबर

पावणेचार. काचेच्या खोलीत आहे. वही मांडीवर.

एकच मार्ग उरलाय. दिग्विजयच्या आधी दुसऱ्या कुणीतरी चेंडू द्यायचा. असा कोण, ते ठरलंय. विश्वजीत बोलून बोलून आला, तसा तोही येईल.

दिग्विजय, ही वही तुझ्या हाती लागली तर अक्षर ओळखू येणार नाही तुला. नाही आलं तरी चालेल. फक्त जेवताना कधी हातून दोन ताटं घेतली गेली, तर घाबरू नकोस. आईला फोन करत जा. तिला आता तू एकटाच—

चार. शिट्टी झाली.

बोललो मी. भैरवनाथकडून मैदानात उतरतोय उत्तरेश्वर.

संपतराव म्हणाले— हाय, दिसतोय की. ठेंगना, चष्मेवाला. म्हणजे मीच.

दिग्विजय चेंडू घेऊन निघालाय. डावीकडून. मी बोललो, उत्तरेश्वर त्याच्या पायातून काढून घेतोय—

काढला म्हणे. दिग्विजय चिडलाय. दादा, दादा म्हणून ओरडतोय. फोनमधून ऐकू येतंय मला. अजून दादा म्हणतोय.

रुमालवाला समोर उभा आहे म्हणे. हात पुढे करून.

लहान्या, आता बोलतो. उत्तरेश्वरकडून चेंडू वि—