तपासणीला हो, पुढं नाही

बा, गोंदियाच्या माझ्या घरात तुझा फोटो मी लावलेला नाही, तरी तू असतोसच. भाताला उकळी आली की माझ्या पाठीमागे कुणीतरी घसा खाकरतं. मी वळून पाहत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तू एकदा मला दिलेला नकार, तो 'नाई', या घरात अजून राहतो. त्याच्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आई लवकर गेली, म्हणून केशोरीच्या घरात चूल तूच सांभाळलीस. धानाच्या बांधीतून आलास की पाय धुऊन थेट भात मांडायचास. रविवारी तू चर्चच्या खोलीत धर्मशिक्षण द्यायचास, आणि लग्न ठरलेल्या पोरापोरींना समोर बसवून संसाराबद्दल चर्च काय सांगतं ते समजावायचास. आपल्या भागात कॅथलिक घरं ती किती! माझे हेही लग्नाआधी तुझ्याचसमोर मान खाली घालून बसले होते. तू शिकवलेलं यांनी नीट लक्षात ठेवलं, आणि पुढे सगळं तिथंच अडलं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल होईना. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "हमारे घर में ऐसा कभी नहीं हुआ. बहू में ही कुछ है." शेजारणी म्हणायच्या, आपल्या भागातल्या प्रतापगडला दर्ग्यावर नवस बोल. शेवटी मी गोंदियातल्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आधी नवऱ्याला पाठवा. त्यांची तपासणी सोपी असते." यांना सांगितलं तर यांचा चेहरा दगडासारखा झाला. एकट्यानं बाटलीत नमुना काढून द्यायचा, हे पाप आहे, म्हणाले. "तुह्याच बापानं शिकवलं मले. तो खोटा शिकवून राहिला का?"

मग सगळ्या तपासण्या माझ्यावर झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, औषधं झाली. पुन्हा रक्त. शेवटी गर्भनळ्या उघड्या आहेत का ते पाहायला आतून औषध सोडून फोटो काढले. त्या टेबलावर मी स्वतःचा हात चावला. रिपोर्ट चांगला आला, पण सासूबाईंनी तो उलटा धरून पाहिला आणि खाटेवर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले, अर्जुनीला उतरले आणि एसटीनं तुझ्याकडे आले.

तू चुलीपुढं अंबाडीची भाजी हलवतो आहेस. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे, पोट धरून. "काऊन आलीस वो, एकटीच?" असं तू विचारतोस, आणि आईला सांगावं तसं मी तुला सगळं सांगते. बापाला कुणी सांगत नाही तेही सांगते. तू भाजी हलवणं थांबवत नाहीस. ती करपते. वास घरभर होतो तरी तुझा हात फिरतोच आहे.

सकाळी उठले तर तू घरात नव्हतास. नागपूरला एका म्हाताऱ्या फादरांना विचारायला गेला होतास. आपल्या लेकीच्या नवऱ्याचं असलं काही कोणता बाप परक्या माणसाला विचारेल? तू विचारलंस. परत आल्यावर जेवलाही नाहीस. यांना निरोप धाडून बोलावून घेतलंस आणि मला आतल्या खोलीत बसायला सांगितलंस. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"जवाईबापू, पाप कशात हाय ते मी शिकवलो. तपासनीत पाप हाय असं मी कधी शिकवलो नाई."

यांच्या खाटेची करकर ऐकू आली.

"एकट्यानं बाटलीत काढून देनं चर्चले चालत नाई, हे खरं. पन नवराबायको एकमेकाजवळ असताना, बारीक छेद असलेली निरोधसारखी पिशवी वापरा. छेद असला की लेकराची वाट बंद होत नाई, आन जे पिशवीत राहते ते डॉक्टरले द्या. फादर सांगले, यात काई वावगं नाई." मग तुझा आवाज एकदम कडक झाला. "माह्या पोरीले टेबलावर निजवलं तवा तुमाले पाप नाई दिसलं? देवाच्या मांगं लपून नोका राहू."

एवढं बोलून तू बाहेर गेलास. मागच्या आंगणात तू लाकडं फोडायला लागल्याचा आवाज मी ऐकला.

हे तयार झाले. डॉक्टरबाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी हवी तशी पिशवी मागवून दिली, दुकानातली साधी चालत नाही म्हणाल्या. त्या सकाळी नमुना उबेत राहावा म्हणून बाटली शर्टाच्या आत छातीशी धरून हे सायकलवर गेले. रिपोर्टमध्ये काहीच नव्हतं, बा. एकही जिवंत बीज नाही. पुन्हा तपासणी केली, तेच.

हे कितीतरी दिवस माझ्याकडे पाहत नव्हते. मग नातेवाइकांची पंगत बसली असताना सासूबाईंनी पुन्हा माझं सुरू केलं, तर हे हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "माँ, खोट मुझमें है. इसको अब एक शब्द नहीं बोलना." कुणी जेवलं नाही. यांचे कान लाल झाले होते. लग्नात मी यांना होकार दिला होता, पण यांची बायको मी त्या दिवशी झाले.

डॉक्टरबाईंनी मग दुसरा मार्ग सांगितला. नागपूरला मोठ्या दवाखान्यात जायचं, अनोळखी माणसाचं बीज घ्यायचं, मूल माझ्याच पोटात वाढेल. हे म्हणाले, तुला पाहिजे तर मी तयार आहे. मी केशोरीला तुला विचारायला आले. तपासणीसाठी नागपूर गाठलेला माझा बा याचीही काही वाट काढेल, असं मला वाटलं होतं.

तू म्हणालास, "नाई."

"काऊन नाई?"

"लेकरू नवराबायकोच्या एकमेकाले देन्यातून यावं. तिसऱ्याचं त्यात काई नाई. लेकरू देवाचं देनं हाय पोरी, आपला हक्क नाई."

"मंग देवानं माह्यासाठी काय ठेवलं, बा?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग चुलीकडे वळून भात मांडलास. एवढ्या पोरापोरींना शिकवणारा तू, त्या दिवशी मला एक शब्द देऊ शकला नाहीस. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू गेलास.

तू गेल्यावर काही वर्षांनी आम्ही ठरवलं, जायचंच. नागपूरच्या त्या दवाखान्यात नाव पुकारायची वाट पाहत बसलो होतो. समोरच्या बाकावर पाठमोरा एक म्हातारा होता. खांद्यावर दुपट्टा, मान डावीकडे झुकलेली, तुझी झुकायची तशीच. त्यानं घसा खाकरला. तो कुणीतरी परका होता, सुनेसोबत आलेला. तोंड फिरवलं तेव्हा दिसलं. पण तोवर मी उठून उभी राहिले होते. "चला," म्हटलं. यांनी कारण विचारलं नाही. परतीच्या गाडीत यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि दोघंही खिडकीबाहेर पाहत होतो.

आता आम्ही दोघंच आहोत. बरं चाललंय, खरंच. हे अजून रविवारी चर्चमध्ये माझ्याशेजारी बसतात. पण चर्चच्या महिला मंडळातल्या बायका लग्न झालेल्या पोरींना माझं उदाहरण देतात, पाहा किती श्रद्धा, दवाखान्याच्या दारातून परत आली. त्या वेळी मी खाली पाहते.

नोव्हेंबरात सगळे कबरी झाडायला, मेणबत्त्या लावायला येतील, तेव्हा हे पत्र तुझ्याजवळ ठेवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही ठेवणार. कुणी वाचलं तर कळेल की त्या दिवशी दवाखान्यात मी देवाचा विचारसुद्धा केला नव्हता. मी तुला भ्याले, बा.